गजकर्ण, चिखल्या आणि लॅबमधली बुरशी

पावसाळा अंगात मुरला की मुंब्रा असो, ठाण्याची राबोडी असो, कल्याणचा दूधनाका असो की भिवंडी, औषधाच्या दुकानावर एक वाक्य हमखास कानावर पडते: "भाई, दाद की ट्यूब देना." कुठे झाली आहे, कोणाला झाली आहे, कधीपासून आहे, हे कोणी विचारत नाही. घेणाराही सांगत नाही. शंभराच्या आतबाहेर पैसे जातात, चार दिवसांत खाज थांबते, पंधरा दिवसांत गजकर्ण दुप्पट होऊन परत येते. मग दुसऱ्या नावाची ट्यूब.

आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. पण वर्गातली मुले मान, काख, कंबर खाजवू लागली की विषय कुठलाही असला तरी शिक्षकाला दिसतेच. गेल्या दोन वर्षांत पालकसभेनंतर थांबून याच त्रासाविषयी हळू आवाजात विचारणाऱ्या मातांची संख्या वाढली आहे. त्यातल्या एका भगिनीची हकीगत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. जांघेत सुरू झालेला चट्टा त्यांनी दीड वर्ष लपवला. पुरुष डॉक्टरला दाखवायची शरम आणि सासरी सांगायची त्याहून जास्त. नणंदेने दिलेली ट्यूब लावत राहिल्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या तेव्हा पोटापासून मांड्यांपर्यंत डाग पसरले होते आणि ट्यूबमधल्या स्टिरॉइडने कातडी इतकी पातळ झाली होती की तिच्यावर प्रसूतीनंतर पडतात तसे ओरखडे उमटले होते. बुरशी औषधाने गेली. ओरखडे जाणार नाहीत असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले.

आम्हाला त्यात एक गोष्ट विशेष वाटली. त्या डॉक्टर बाईंनी औषध लिहिण्याआधी त्वचेचा खरवडा लॅबमध्ये पाठवला होता. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी विचारले होते की हे नेमके आहे काय?

त्या खरवड्याचे लॅबमध्ये काय होते, हे समजून घ्यायला आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थिनीला गाठले. दहावीनंतर विज्ञान शाखा, मग डीएमएलटी करून ती आता ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने पहिलेच वाक्य असे टाकले: "सर, लोक चट्ट्याच्या मधोमध बोट ठेवतात, आम्ही कडेला ब्लेड लावतो." गजकर्णाचा चट्टा गोल वाढतो. मधली कातडी बरी झाल्यासारखी दिसते आणि जिवंत बुरशी बाहेरच्या लाल, खवलेदार कडेला असते. म्हणून जागा स्पिरिटने पुसून, बोथट पात्याने कडेचा कोंडा काळ्या कागदाच्या पुडीत घेतात. कागद काळा, कारण पांढरा कोंडा त्यावर दिसतो. कागदच, कारण बंद ओलसर बाटलीत भलतेच जंतू वाढतात.

हा कोंडा काचेच्या पट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे लॅबच्या भाषेत 'केओएच'चा, थेंब टाकतात. प्रमाण दहा ते वीस टक्के. हे द्रावण कातडीतल्या पेशी विरघळवते, पण बुरशीची भिंत टणक असल्याने ती टिकून राहते. दहा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कातडीच्या धूसर पसाऱ्यात फांद्या फुटलेले, मध्ये आडवे पडदे असलेले धागे दिसतात. एवढे दिसले की बुरशी आहे हे नक्की. सामान म्हणाल तर एक काच, एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. लागते ती पाहणाऱ्याची नजर, आणि ती सरावानेच येते.

कोणती बुरशी, याचे उत्तर मात्र अर्ध्या तासात मिळत नाही. त्यासाठी ती वाढवावी लागते. रेमों साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुरशीला आवडेल असे साखर आणि पेप्टोनचे खाद्य तयार केले. आजही त्याच्याच नावाचे आगर वापरतात. त्यात जिवाणू मारणारे एक औषध आणि हवेतल्या फालतू बुरशीला रोखणारे दुसरे औषध घालतात. मग वाट पाहायची. गजकर्णाची बुरशी दिसू लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि काहीच उगवले नाही असे लिहून द्यायला लॅब साधारण चार आठवडे थांबते. रिपोर्टला उशीर झाला म्हणून काउंटरवर भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उगवलेल्या बुरशीचा रंग वरून आणि खालून, दोन्हीकडून पाहतात. ट्रायकोफायटॉन रुब्रम वरून कापसासारखी पांढरी असते, पण बशी उलटी केली तर खाली बहुधा दारूसारखा गडद लाल रंग उतरलेला दिसतो. मग निळ्या रंगाच्या थेंबात तिचा एक धागा ठेवून बीजाणू बघायचे. रुब्रमचे बीजाणू धाग्याच्या दोन्ही बाजूंना थेंबांसारखे चिकटलेले असतात. आमच्या विद्यार्थिनीच्या मते सकाळी दिव्याहून सुटणाऱ्या लोकलच्या दाराला लटकलेली माणसे आठवावीत. तिची बहीण मेंटाग्रोफायटिस, तिचे बीजाणू द्राक्षाच्या घोसासारखे, शिवाय स्प्रिंगसारखे वळलेले धागे. कुत्र्या-मांजरांकडून मुलांच्या डोक्यात येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस, तिचे मोठे बीजाणू दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या आकाराचे. मुलांना भूमितीत आकार ओळखायला शिकवतो तसेच हे काम आहे, फक्त येथे उत्तर चुकले तर रुग्णाचे महिने जातात.

आता आपल्या देशाचे नाव जिला चिकटले आहे त्या बुरशीकडे येऊ. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दिसू लागले की गजकर्ण पूर्वीसारखे बरे होत नाही. टर्बिनाफिन हे हुकमी औषध लागू पडेनासे झाले, घरातली सगळी माणसे एकापाठोपाठ आजारी पडू लागली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या बुरशीला वेगळी जात मानून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात तिचे दोन रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी एका स्त्रीने कुठलाही परदेश प्रवास केलेला नव्हता. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालते, त्या विकराच्या जनुकातच अनेक इंडोटिनींमध्ये बदल झालेला असतो, म्हणून गोळी पोटात जाऊनही काम करत नाही. गंमत अशी, की बशीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही अगदी मेंटाग्रोफायटिससारखीच दिसते. जनुकीय तपासणीशिवाय दोघींत फरक सांगता येत नाही, आणि ती सोय प्रत्येक लॅबमध्ये नाही.

बुरशी इतकी का माजली यावर तज्ज्ञ अनेक कारणे देतात. दाट वस्ती, दमट हवा, घट्ट कपडे, अर्धवट सोडलेले उपचार. पण स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांकडे बहुतेक सगळे बोट दाखवतात, आणि आमचेही मत तेच आहे. स्टिरॉइड त्वचेची लढाईच थांबवते. लाली आणि खाज ही त्या लढाईची चिन्हे असल्याने रुग्णाला बरे वाटते, बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. चट्ट्याची गोल कडही पुसली जाते, मग डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. या वेष पालटलेल्या गजकर्णाला १९६८ सालीच इंग्रज डॉक्टरांनी 'टिनिया इनकॉग्निटो' म्हटले होते, म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. नियम कागदावर आहे. आपल्या नाक्यावरच्या दुकानात तो किती दिसतो, हे वाचकांनीच पाहावे.

हे सगळे झाले बुरशीचे. पण काही जिवाणू असे आहेत की ते बुरशीचा वेष घेऊन येतात. काखेत किंवा जांघेत तपकिरी, किंचित खवलेदार डाग पडतो, खाज फार नसते. घरातली माणसे त्याला गजकर्णच म्हणतात. केओएचमध्ये गजकर्णाचे धागे सापडत नाहीत. अंधाऱ्या खोलीत त्यावर वूड्स लॅम्पचा जांभळा उजेड टाकला की डाग पोवळ्यासारखा लालसर चमकतो. हा एरिथ्रास्मा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वैद्यकाची पुस्तकेही त्याला बुरशीच समजत होती. नंतर कळले की हा कॉरिनेबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आहे. त्याला जिवाणूचे औषध लागते.

या वेषांतराची सर्वात मोठी गोष्ट मात्र आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडतो, महिन्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, मग पाऊल सुजत जाते, त्यावर अनेक तोंडे फुटतात आणि त्यांतून पू वाहतो. पुवात खसखशीएवढे दाणे. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरने याची नोंद केली, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणतात. पण या रोगाचा खरा अभ्यास केला तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे हेच ते कार्टर. ग्रंथ १८५८ मध्ये छापून आला, त्याच वर्षी ते मुंबईत पोहोचले. जे. जे. रुग्णालयात आणि नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन असताना त्यांनी असे पाय पाहिले, कापलेल्या पावलांची चित्रे काढली, दाण्यांचे काळे आणि फिकट असे प्रकार नोंदवले आणि रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले.

कार्टर यांना जतन केलेल्या एका नमुन्यावर लालसर बुरशी उगवलेली दिसली होती. इंग्लंडमधले नामांकित बुरशीतज्ज्ञ बर्कले यांनी तिला कार्टर यांचेच नाव दिले. पुढे ती रोगाचे कारण नाही असे ठरले. आमच्या विद्यार्थिनीला हा किस्सा सांगितला तेव्हा ती हसली. म्हणाली, "सर, हे आमच्याकडे रोजचे आहे." हवेत बुरशीचे बीजाणू सतत फिरत असतात. भाकरीवर बसतात तसे लॅबच्या बशीतही पडतात. म्हणून बशीत उगवले एवढ्यावर कोणी रिपोर्ट देत नाही. रुग्णाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखालीही तशीच बुरशी दिसली होती का, पुन्हा घेतलेल्या नमुन्यात तीच आली का, हे पडताळतात.

कार्टर यांच्या नावातच एक अडचण राहून गेली. १८९४ मध्ये व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियातल्या अशाच एका पायातून जो जीव वाढवला तो बुरशी नव्हताच, धाग्यासारखा वाढणारा जिवाणू होता. १९१३ मध्ये पिनॉय यांनी मायसेटोमाचे सरळ दोन भाग केले: खऱ्या बुरशीमुळे होणारा आणि अशा धागेदार जिवाणूंमुळे होणारा. बाहेरून पाय तोच, सूज तीच, दाणेही तसेच. आत मात्र दोन वेगळी दुनिया.

आणि या फरकावर माणसाचा पाय अवलंबून असतो. जिवाणूचा मायसेटोमा को-ट्रायमोक्साझोल, अमिकासिन यांसारख्या प्रतिजैविकांनी बहुधा आटोक्यात येतो. बुरशीचा असेल तर इट्राकोनाझोलसारखे औषध महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त आणि जोडीला शस्त्रक्रिया, तरी उशीर झाला असेल तर पाय कापावा लागतो. बुरशीवरची बहुतेक औषधे तिच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या चरबीवर मारा करतात. या जिवाणूंमध्ये तो पदार्थच नाही. मग ते औषध कितीही महाग असो, लागू कसे पडणार?

लॅब हा फरक कसा ओळखते? आधी दाण्याचा रंग पाहते. काळा दाणा असेल तर बुरशी. लाल-गुलाबी असेल तर अ‍ॅक्टिनोमॅड्युरा पेलेटिएरी हा जिवाणू. पांढरा किंवा पिवळट निघाला तर दोन्ही शक्यता उरतात, आणि तिथेच सूक्ष्मदर्शक लागतो. दाणा दोन काचांमध्ये चिरडून रंगवतात. बुरशीचे धागे जाड, दोन ते पाच मायक्रॉन किंवा त्याहून रुंद. जिवाणूचे धागे एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, यावरून अंदाज यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. मुरबाड-शहापूरकडे भातलावणीला अनवाणी उतरणारी माणसे अजून आहेत. तिथे जुनी, न दुखणारी, वाहणारी पायाची गाठ कोणाला दिसली तर तिला गळू समजून लेप लावत बसू नये.

अशाच धागेदार जिवाणूंतला आणखी एक, नोकार्डिया, आपल्या वस्त्यांसाठी अधिक जवळचा आहे. तो मातीत असतो, श्वासातून फुप्फुसात जातो, आणि मधुमेही किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाला खोकला, ताप, वजन घटणे असा टीबीसारखाच त्रास देतो. एक्स-रेही फसवतो. टीबीच्या तपासणीत थुंकी रंगवून वीस ते पंचवीस टक्के गंधकाम्लाने धुतात. टीबीचा जंतू त्यातही रंग सोडत नाही. नोकार्डिया तेवढ्या तीव्र आम्लात बहुधा रंग सोडतो, पण एक टक्का आम्लाने धुतले तर धरून ठेवतो. म्हणजे मुद्दाम हलक्या आम्लाने धुवून पाहिले तरच तो सापडतो, आणि तसे पाहा असे डॉक्टरने लॅबला लिहून द्यावे लागते. टीबीचे उपचार नीट घेऊनही रुग्ण सुधारत नसेल तर डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. (टीबीच्या जंतूच्या शास्त्रीय नावात, मायकोबॅक्टेरियममध्ये, बुरशी हा शब्द दडलेला आहे. तोही द्रवात बुरशीसारखा थर धरतो म्हणून. आम्हा भाषेच्या शिक्षकांना अशी नावे सोडवत बसायला आवडते.)

२०२१ चा मे महिना ठाणे जिल्ह्यात कोणी विसरले नसेल. ऑक्सिजन मिळवून, करोनातून वाचवून घरी आणलेल्या माणसाचा डोळा सुजू लागायचा, नाकातून काळपट स्राव यायचा. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतून म्युकरमायकोसिसने दोन मृत्यू झाल्याची बातमी आली तेव्हा घराघरांत धास्ती बसली. टीव्हीवर काळी, पांढरी, पिवळी अशा बुरशींची यादीच सुरू झाली. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी रंगावरून नावे देऊ नका असे सांगितले, आणि ते योग्यच होते. म्युकरची बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, त्यामुळे मेलेले मांस काळे पडते.

त्या दिवसांत लॅबच्या केओएचच्या थेंबाला मोल आले. नाकातला तुकडा काचेवर ठेवून तासाभरात सांगता येत होते: रुंद, रिबिनीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले धागे म्हणजे म्युकर. अरुंद, पडदे असलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कोनात फुटलेले धागे म्हणजे अ‍ॅस्परजिलस असण्याची शक्यता. अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागते, ज्याच्या एकेका कुपीसाठी लोक दारोदार फिरत होते. म्युकरचे धागे इतके नाजूक असतात की नमुना खलात जोरात कुटला तर ते मरतात आणि बशीत काही उगवत नाही. म्हणून तुकडे कापून ठेवायचे, कुटायचे नाहीत.

हे अ‍ॅम्फोटेरिसिन येते कुठून? स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूपासून. धाग्याने वाढणारा, बुरशीसारखा दिसणारा, आपल्या मायसेटोमाच्या जिवाणूंचा भाऊबंद. त्याच्याच एका जातीने टीबीचे पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिन दिले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी अशाच एका जिवाणूपासून बुरशीवरचे औषध शोधले. त्या जिवाणूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आणि औषधाला कारखान्याच्या नावातल्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन असे नाव मिळाले.

घरासाठी काही गोष्टी, आमच्या विद्यार्थिनीकडून आणि डॉक्टरांकडून ऐकलेल्या. वुजू करताना बोटांमध्ये खिलाल आपण करतोच; नंतर पायाच्या बोटांमधली जागा कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावी आणि मगच मोजे चढवावेत. चिखल्या तिथेच होतात. वुजूखान्यात टांगलेला एकच टॉवेल सगळ्यांनी वापरू नये. मशिदीच्या जिम्मेदारांशी हे प्रेमाने बोलता येईल. पावसात भिजलेला बुरखा किंवा नकाब खुंटीवर दमट ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नये, निदान दोन तरी असावेत. एकाला गजकर्ण झाले तर घरातल्या सर्वांना तपासून घ्यावे, आणि आधी वापरलेल्या ट्यूबचे रिकामे खोके डॉक्टरांना दाखवावे, नाव आठवत नाही म्हणून लपवू नये. स्त्री डॉक्टर हवी असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढतानाच तसे विचारावे.

नखाच्या बुरशीबद्दल दोन भगिनींनी विचारले आहे. तिचा नमुना खरवडून आणि कापून घेतात, आणि तो नखाच्या टोकाचा नको, जिथे चांगले नख संपून खराब सुरू होते तिथला हवा. बुरशीचे मलम चालू असेल तर नमुन्याआधी किती दिवस बंद ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा, कारण मलमामुळे बुरशी असूनही सापडत नाही. नखे पाहायला द्यायची असतील तर त्या आठवड्यात मेहंदी आणि नेलपॉलिश लावू नका, नखाचा खरा रंग दिसू द्या. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्षभर, कधी दीड वर्षही लागते, तेव्हा तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या आणि नख अजून पिवळेच आहे म्हणून घाबरू नका. बुडाशी नवे नख स्वच्छ येते आहे का, तेवढे पाहत राहा.